औषध चालेनासं झालं, तर पुन्हा तपासणी कोण करणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

"सदर तपासणी मंजूर पॅकेजमध्ये समाविष्ट नसल्याने प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे." सरकारी आरोग्य योजनेकडून आलेला, माझ्या मोठ्या भावाच्या फाइलमधला हा शेवटचा कागद. दादाला मेलॅनोमा झाला होता, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. चालू गोळ्यांना गाठ दाद देईनाशी झाली होती. ती का देत नाही हे कळावं म्हणून नव्या गाठीचा तुकडा काढून त्याची जनुकीय तपासणी करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पॅकेजमध्ये ऑपरेशन होतं, केमो होती, खाटेचा खर्च होता. पुढे कोणतं औषध चालेल हे सांगणारी तपासणी तेवढी नव्हती. दादा गेल्या वैशाखात गेला.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मला भरपाई नको आहे आणि कुणा कर्मचाऱ्यावर कारवाईही नको आहे. तो कागद देणाऱ्या माणसानं समोरचा नियम वाचून दाखवला, एवढंच. मला तो नियम बदलून हवा आहे. अशाच अर्थाचा कागद माझ्या ओळखीच्या आणखी घरांत आलेला आहे, कुठे फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी, कुठे स्तनाच्या. म्हणून हे पत्र तुम्हाला टपालानं पाठवते आहे आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडही करते आहे.

सुरुवात दादाच्या टाचेपासून करते, कारण आमच्याकडच्या बऱ्याच माणसांची सुरुवात तिथूनच होते. मेलॅनोमा हा उन्हानं होणारा, गोऱ्या लोकांचा आजार, असा समज आहे. आपल्याकडे तो एकंदरीत कमीच आढळतो. पण जेव्हा होतो तेव्हा बहुतेकदा जिथे ऊन पोचत नाही अशा जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली, किंवा तोंडाच्या आणि गुदद्वाराच्या आतल्या नाजूक कातडीवर. तळपायावरच्या प्रकाराला डॉक्टर अॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. सावळ्या रंगाचं संरक्षण तिथे उपयोगी पडत नाही.

दादाच्या टाचेवर काळा डाग आला तेव्हा सगळ्यांनी ते कुरूप ठरवलं. कुरुपावर आमच्याकडे बिब्बा लावतात. बिब्बा कातडीवर स्वतःच काळा डाग पाडतो, त्यामुळे खालचा डाग वाढतो आहे का, त्याची कड वेडीवाकडी झाली आहे का, हे कुणाला दिसणार? मग ब्लेडनं वरचा थर खरवडून झाला. पाणी यायला लागलं तेव्हा साखर तपासून झाली आणि मलमपट्टी सुरू झाली. वखरणी, पेरणी, डवरणी या सगळ्यात तो त्याच टाचेवर उभा होता. जांघेत अवधाण, म्हणजे सुजेची गाठ, आलं तेव्हाही वाटलं, जखमेमुळे आलं असेल. नागपूरला तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की आजार टाचेतून जांघेत आणि तिथून फुप्फुसात गेलेला आहे.

मेलॅनोमाची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असताना तो कापून काढला, तर दहातले नऊपेक्षा जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. म्हणजे दादाला महागडी औषधं लागली ती सुरुवातीची वेळ हुकली म्हणून. आणि ही वेळ पाळण्याची सोय तुमच्या विभागाकडे आजही आहे. आशाताई कुष्ठरोग शोध अभियानात घरोघर जातात आणि अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का हे पाहतात. विदर्भाला हे काम नवं नाही. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली, पुढे वरोऱ्याला बाबा आमटेंनी आनंदवन उभं केलं. कातडीकडे लक्ष देऊन पाहायला इथली माणसं तीन पिढ्यांपासून शिकली आहेत. त्याच भेटीत "पाय वर करा, तळवा दाखवा" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? नवा काळा डाग, एकाच डागात दोन-तीन छटा, वाकडीतिकडी कड, महिन्या-महिन्याला वाढणारा आकार, बरी न होणारी जखम, नखातली काळी रेघ जी रुंद होत जाते किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरते. एवढ्या खुणा एका कागदावर मावतात. आज असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन जागांचा कर्करोग शोधतात. ते अगदी योग्य आहे. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं आमच्या भागातली तोंडं कशी आखडत चालली आहेत हे मी रोज पाहते. तळवा त्या तिन्हींच्या आड येणार नाही.

आता औषधांबद्दल. इथे मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण "महागडं औषध देऊनही पेशंट गेलाच ना" हे वाक्य मी कार्यालयांत ऐकलं आहे आणि त्या वाक्यामुळे माणसं गप्प बसतात.

२००२ साली केंद्रानं बीटी कपाशीला मंजुरी दिली. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या संशोधकांनी मेलॅनोमाच्या पेशींत बीरॅफ नावाच्या जनुकातला बिघाड शोधून काढला. या बिघाडामुळे पेशीला "वाढ, वाढ" असा हुकूम सतत मिळत राहतो. तो हुकूम अडवणारी वेमुराफेनिब ही गोळी २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. गाठी इतक्या लवकर विरघळल्या की डॉक्टरही चकित झाले. पण बहुतेकांच्या गाठी सहा-सात महिन्यांत पुन्हा वाढू लागल्या. मग डाब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी आली. हा हुकूम पेशीत ज्या साखळीतून पोचतो तिच्यात दोन ठिकाणी अडवायचं, म्हणजे पेशीला पळवाट सापडायला उशीर होईल. ही मुदत अकरा महिन्यांच्या आसपास गेली. पाच वर्षांनी साधारण एक तृतीयांश रुग्ण जिवंत होते. पूर्वीच्या केमोच्या मानानं ही मोठी गोष्ट आहे, पण दोन तृतीयांश नव्हते.

कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला मला कधी अडचण आली नाही. पहिल्या बीटीत अळीला मारणारं एक प्रथिन होतं, २००६ च्या बोलगार्ड दोन या बियाण्यात दोन. तरीही २०१७ मध्ये यवतमाळच्या शिवारात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघायची. बियाणं तेच, पेरणारा तोच. लाखो अळ्यांत ज्या थोड्या विष पचवू शकत होत्या त्या उरल्या आणि त्यांचीच पैदास झाली. दादाच्या फुप्फुसात हेच घडलं. गोळीनं मारल्या गेल्या त्या मेल्या. ज्यांच्यात बीरॅफच्या जास्त प्रती तयार झाल्या होत्या, किंवा बीरॅफचं तुटकं रूप, किंवा एनरॅस वा मेक जनुकात नवा बदल, किंवा वाढीचा हुकूम भलत्याच साखळीतून मिळवण्याची सोय, त्या उरल्या. नेमकं यातलं काय झालं, हे प्रत्येक रुग्णात वेगळं असतं. कधी एकाच रुग्णाच्या दोन गाठींत वेगळं असतं. पुन्हा तपासल्याशिवाय ते कळण्याचा मार्ग नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत शेतातून अळ्या आणून त्यांच्यात प्रतिकार किती वाढला हे तपासतात. तो खर्च वायफळ आहे असं कुणी म्हणत नाही. मग माणसाच्या गाठीची दुसरी तपासणी पॅकेजच्या बाहेर का?

आमच्या पहिल्या तपासणीचे पैसे घरातून गेले. बीरॅफचा बिघाड सापडला. गोऱ्या लोकांच्या कातडीवरच्या मेलॅनोमात तो जवळपास निम्म्या रुग्णांत असतो, तळपायाच्या मेलॅनोमात त्याहून बराच कमी, म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजलो. गोळ्यांसाठी बैलजोडी विकली, पतसंस्थेचं कर्ज काढलं. ट्रॅमेटिनिब फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. एप्रिलच्या लोडशेडिंगमध्ये ती बाटली बर्फाच्या डब्यात घेऊन वहिनी फिरायची, शेवटी मेडिकलवाल्या काकांनी त्यांच्या फ्रिजमध्ये जागा दिली. पोळ्याला दादा शेजारच्यांची जोडी घेऊन तोरणाखाली उभा राहिला, खोकला नाही, धाप नाही. संक्रांतीच्या सुमारास मांडीवर नव्या गाठी लागल्या.

तेव्हा पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला तो असा: गोळ्या चुकवल्या का? पथ्य मोडलं का? खर्रा खाल्ला का? एका रुग्णालयाच्या योजना कक्षातही हेच विचारलं गेलं. दादा घरी येऊन मला म्हणाला, "मी तर एकबी गोळी चुकवली नाही वं. मंग औषध काऊन काम करून नाही राहिलं?" त्याचं उत्तर मी वर लिहिलं आहे. ते त्याला दवाखान्यात, मराठीत, कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. आजाराचा गुन्हा रुग्णावर ढकलू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मेलॅनोमावर शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधंही आहेत: इपिलिमुमॅब २०११ पासून, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ पासून. ज्या संशोधनातून ती आली त्याला २०१८ चं नोबेल मिळालं. गोळ्या आधी की हे इंजेक्शन आधी, हा प्रश्न अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तपासला गेला. बीरॅफचा बिघाड असलेल्या रुग्णांना आधी निवोलुमॅब-इपिलिमुमॅब दिलं तर दोन वर्षांनी शंभरातले ७२ जिवंत होते, आधी गोळ्या दिल्या तर ५२. निकाल २०२२ मध्ये छापून आला. म्हणजे क्रमावर माणसाचं आयुष्य ठरतं. दादाचा क्रम कशावर ठरला? गोळ्यांचे पैसे कसेबसे जमले, इंजेक्शनचे जमण्यासारखे नव्हते, यावर. त्याच्या डॉक्टरांना शास्त्र माहीत होतं. त्यांनी आमच्यापुढे दोन्ही पर्याय ठेवले आणि आम्ही खिशाकडे पाहून एक उचलला.

प्रामाणिकपणे हेही लिहायला हवं की तळपायाच्या मेलॅनोमात ही इंजेक्शनं तितकी चालत नाहीत, आणि त्यांनाही पुढे प्रतिकार तयार होतो. मोठ्या चाचण्यांत बहुतेक रुग्ण गोरे होते. आपल्या माणसांच्या तळव्यातल्या आजारावर नेमकं काय चालतं याचा अभ्यास आपल्याकडेच व्हावा लागेल. पण याच आजारात एक स्वस्त शक्यताही दडलेली आहे. तळपायाच्या आणि अंतस्त्वचेच्या मेलॅनोमात काही रुग्णांत बीरॅफऐवजी किट नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. अशांपैकी काहींना इमॅटिनिबचा गुण येतो. ही रक्ताच्या कर्करोगाची जुनी गोळी आहे, भारतीय कंपन्या ती कमी किमतीत बनवतात. पण किटचा बिघाड आहे हे कळणार कसं? तपासणीनंच. तपासणीचे पैसे वाचवले की स्वस्त औषध देण्याची संधीही गेली. सरकारच्या हिशेबानं पाहिलं तरी हे परवडणारं नाही.

तिसरी तक्रार अंतराची. आमच्या तालुक्यातल्या वडकीहून नागपूर शंभर किलोमीटरहून लांब. कर्करोगाचे सगळे मोठे दवाखाने नागपुरात, थोडा आधार सेवाग्रामचा. दर वेळी एक दिवस, दोन माणसांची मजुरी, धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक. रिपोर्ट घ्यायला वेगळी फेरी, तो दाखवायला वेगळी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. ती चांगली आहे. पण त्या केंद्रात फक्त केमोची बाटली लावणार असतील, तर जनुकीय तपासणीसाठी नमुना पाठवणं, रिपोर्ट मागवणं, नव्या औषधांचे दुष्परिणाम ओळखणं यासाठी आम्हाला नागपूरच गाठावं लागेल. डाब्राफेनिबनं ताप येतो, हे वहिनीला माहीत होतं. जवळच्या दवाखान्यात दर तापाला मलेरियाची स्लाइड काढून परत पाठवत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सर्वात आधी, प्रगत अवस्थेतल्या मेलॅनोमासाठी बीरॅफ, एनरॅस आणि किट या जनुकांची तपासणी सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये घ्या. पहिल्या निदानाला एकदा, आणि औषध चालेनासं झालं की पुन्हा. पुन्हा तुकडा काढणं शक्य नसेल तिथे रक्तातून गाठीचा डीएनए शोधण्याच्या तपासणीला परवानगी द्या. मेलॅनोमाचे रुग्ण थोडे आहेत, खर्च थोडाच येईल. हा नियम फुप्फुसाच्या आणि इतर कर्करोगांनाही लावलात तर जास्त माणसं वाचतील, आणि माझ्या मते तो लावायलाच हवा.

औषधांच्या किमतीसाठी तुमच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं २०१२ पासून चालणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड अनेक रुग्णालयांसाठी एकत्र खरेदी करून औषधांचे भाव खाली आणते. राज्याची सगळी कर्करोग रुग्णालयं त्या खरेदीत उतरवा आणि मेलॅनोमाची औषधं त्या यादीत यावीत म्हणून राज्यातर्फे मागणी नोंदवा. २०१२ मध्येच सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधावर सक्तीचा परवाना दिला गेला, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, तेव्हा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला होता. तो अधिकार कायद्यात आजही आहे. केंद्राकडे तशी शिफारस करणारं पत्र महाराष्ट्रानं लिहावं.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबचा फक्त वीस मिलिग्रॅमचा डोस केमोसोबत देऊन पाहिला. वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण शंभरात १६ वरून ४३ वर गेलं. हा निकालही २०२२ चाच. मेलॅनोमात तो आकडा तसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण कमी डोसच्या अशा चाचण्या विदर्भातल्या रुग्णालयांत, आमच्या प्रकारच्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीनं आणि राज्याच्या पैशानं व्हाव्यात, ही मागणी आहे. नागपूर आणि वर्धा इथे कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालते. तिच्या आधारे तळपायाच्या मेलॅनोमाचे आकडे वेगळे काढून जाहीर करा, म्हणजे "असे रुग्ण आहेतच किती" या प्रश्नाला अंदाजानं उत्तर द्यावं लागणार नाही.

यवतमाळ, गडचिरोली, वाशीमसारख्या जिल्ह्यांतून रुग्णाची फाइल ऑनलाइन तज्ज्ञांच्या मंडळापुढे ठेवण्याची ठरलेली सोय हवी. त्या मंडळात जनुकीय रिपोर्ट वाचू शकणारा माणूस हवा. निर्णय रुग्णाला मराठीत लिहून मिळावा: कोणतं औषध, ते का, ते थांबलं तर पुढे काय. आणि योजनेतून प्रस्ताव नाकारला गेला, तर त्याविरुद्ध दाद कुठे, किती दिवसांत मागायची, हे त्याच कागदावर छापा. आमच्या कागदावर ते नव्हतं.

तळव्याच्या तपासणीचं वर लिहिलंच आहे. त्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एकदा प्रशिक्षण द्या. तळपायावरची काळी किंवा न भरणारी जखम तुकडा न तपासता महिनोन्महिने मलमपट्टीवर ठेवू नये, एवढा एक नियम त्यांच्यापर्यंत पोचला तरी फरक पडेल. आणि ही अधिकची नजर आशाताईंनी फुकट द्यावी अशी अपेक्षा करू नका. त्यांच्या मोबदल्यात ती धरा.

माझ्या शाळेत मी स्वतःहून एक गोष्ट सुरू केली आहे. पालक सभेला येणाऱ्या आयाबायांना त्या खुणांचा कागद देते आणि घरातल्या मोठ्यांचे तळवे बघायला सांगते. दोन जणांना डॉक्टरांकडे पाठवलं, दोघांचेही डाग साधे निघाले, आणि त्या घरांत त्या दिवशी जो आनंद झाला तो मी पाहिला आहे. पण एका शिक्षिकेनं वाटलेला कागद एका गावापुरता असतो. तुमच्या विभागाचा कागद साऱ्या राज्यात जातो.

पुढच्या कुष्ठरोग शोध अभियानाच्या सूचना निघण्यापूर्वी त्यात तळव्याची ओळ घालता येईल. त्याला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. बाकीच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत, आणि मान्य असलेल्यांना किती वेळ लागेल, हे तारखेसह लेखी कळवावं, ही विनंती. नाकारायचं असेल तर कारण लिहा. पॅकेजमध्ये नाही, हे कारण आम्हाला एकदा मिळालेलं आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका
राळेगाव तालुका, जि. यवतमाळ